पणजी वेळेवर जेवते

पणजीत दुपारी साडेतीनला भूक लागली की पंचाईत होते. कॅफेतली पातळ भाजी केव्हाच संपलेली असते. शीत-कडीच्या खाणावळीत खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर चढलेल्या असतात आणि आतून फक्त भांडी घासल्याचा आवाज येतो. ऑम्लेटचा गाडा लागायला अजून तीनेक तास असतात. बाजूचा किराणावालासुद्धा शटर अर्धं ओढून, जेवून आडवा झालेला असतो. एक ते चारच्या झोपेवरून पुणेकरांना पिढ्यान्पिढ्या चिडवणाऱ्यांनी एकदा या वेळी अठरा जून रस्त्याच्या मागची एखादी गल्ली पाहावी. पुण्यावरचे निम्मे विनोद मागे घ्यावे लागतील.

अर्थात आता साडेतीनलाही पोट भरता येतं. मांडवीच्या काठाने दिवसभर उघडी असणारी हॉटेलं आहेत, मोबाइलवर मागवली तर बिर्याणी दारात येते. त्याबद्दल तक्रार नाही. पण या शहराचं स्वतःचं म्हणून जे खाणंपिणं आहे ते घड्याळ आणि पंचांग बघून येतं, आणि संपलं की संपतं. काउंटरवरचा माणूस ‘सोंपलें’ म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिलगिरी शोधू नये. त्याच्या दृष्टीने चूक उशिरा येणाऱ्याची असते.

पोर्तुगिजांनी १८४३ साली राजधानी रीतसर जुन्या गोव्याहून इथे आणली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत माणसं भरली जेमतेम चाळीस हजार. पण शहर नेहमीच पोसत आलं ते बाहेरून आलेल्यांना. पेडण्याहून कोर्टाच्या तारखेला आलेला, काणकोणहून दाखला काढायला आलेला, इस्पितळात कुणाला तरी दाखवायला आणलेला. सकाळी लवकर घर सोडलेल्या या माणसांना नऊला न्याहारी, एकला जेवण आणि पाचच्या बसआधी चहा लागायचा. पणजीच्या खाणावळींचं वेळापत्रक त्यांनी घडवलं. पुढे मोठं सरकारी इस्पितळ बांबोळीला गेलं, विधानसभा आणि सचिवालय मांडवीपलीकडे पर्वरीला गेलं. ज्या इमारतीत रोग्यांच्या रांगा लागायच्या, तिच्या आवारात आता नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवाच्या रांगा लागतात. गिऱ्हाईक बदललं, खाणावळींनी वेळ मात्र फारशी बदलली नाही.

जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. ताटात उकड्या तांदळाचं शीत, वाटीत हुमण म्हणजे माशांची कडी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किस्मूर, कुठलीतरी एक पालेभाजी, सोलकढी, आणि रव्यात घोळून तळलेला मासा. हा शेवटचा मासा कोणता, हे सकाळी बाजारात काय आलं त्यावर ठरतं. बांगडा असेल तर बांगडा, मुड्डोशी मिळाली तर नशीब. इसवण आणि पापलेट मागणारा माणूस बहुधा बाहेरचा असतो. इथला माणूस आधी विचारतो, आज ताजं काय? बांगड्याच्या हुमणात तेफळं पडली आहेत की नाहीत, हे तो वास घेऊनच ओळखतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. तिरफळ, सोलं, ओल्या खोबऱ्याचं वाटण, सगळं तेच. उत्तर गोव्यातली शागोती आणि वडे सिंधुदुर्गात कोंबडी-वडे होतात, तेवढाच फरक.

हुमणाला आणखी एक वेळ असते, पण ती हॉटेलात सापडत नाही. रात्री उरलेली कडी मातीच्या भांड्यात सकाळी मंद आटवायची. खोबरं दाट होतं, आंबटपणा मुरतो, आणि ती पावाबरोबर पुसून खायची. ही काल्ची कडी घरोघर चालते. एखाद्या नव्या रेस्टॉरंटने ती मेनूकार्डावर आणलीच, तर तिच्यात काल्चं असं काही नसतं. ती त्याच दिवशी आटवलेली असते.

मासळीचं पंचांग याहून कडक आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी. मांडवीपलीकडे मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर दाटीवाटीने बांधून पडतात. तेव्हा बाजारात नुस्तेकान्नींच्या, म्हणजे मासेवाल्या बायकांच्या, पाटीत येतं ते खाडीचं आणि खाजनाचं, म्हणजे बांध घातलेल्या खारजमिनीचं: खेकडे, छोटी सुंगटं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारात जाळं लावून पकडलेली मासळी. मे महिन्यात घरात भरून ठेवलेली सुकी सुंगटं आणि खारे बांगडे याच दिवसांत खाली उतरतात. आणि शिवाय परराज्यांतून बर्फातले ट्रक येतात, कारण पर्यटकाला जुलैतही पापलेट पाहिजे असतो.

या ट्रकांनीच २०१८ च्या जुलैत गोव्याची झोप उडवली. बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला काही दिवस बाहेरची आवकच थांबवावी लागली, पुढे परवाने आणि इन्सुलेटेड गाड्यांची सक्ती आली. त्याची झळ सिंधुदुर्गातल्या मासेवाल्यांना बसली आणि सीमेवर तणातणी झाली. त्या दिवसांत पणजीतल्या खाणावळीत माणसं ताटातल्या तळलेल्या तुकड्याकडे संशयाने बघत होती. फॉर्मेलिनवर वाद पुष्कळ झाला. बंदीच्या महिन्यातही रोज तोच मासा ताटात पाहिजे, या हट्टावर मात्र कुणी बोललं नाही.

बंदी उठली, ताजी सुंगटं ढिगाने आली, की नेमका त्याच सुमाराला श्रावण लागतो. हिंदू घरांत मासळी बंद. हा योग जुळून आला की पणजीतल्या ख्रिस्ती घरांची चैन असते. बाजारात माल भरपूर आणि गिऱ्हाईक निम्मं. त्याची फेड ते पुढे उपवासकाळात, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत मांस सोडून करतात. श्रावणात बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गर्दी होते. तिथे बायका टायकिळा, अळू, कोवळे अंकुर घेऊन बसतात. रानातली अळमी आली की भाव विचारायचीही सोय नसते. पानात बांधलेली चिमूटभर अळमी लोक मटणाच्या भावाने नेतात आणि तिची शागोती करतात. नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. १५ ऑगस्टला मारीया मातेच्या सणाला ख्रिस्ती घरांतही त्याच पानात, त्याच गूळ-खोबऱ्याच्या पातोळ्या उकडतात. बाजारात हळदीची पानं विकणारीला दोन्ही गिऱ्हाइकं पाठ असतात.

आता सकाळ. पणजीची सकाळ भाजी-पावाची.

मुंबईच्या वाचकाने इथे डोक्यातली पावभाजी काढून ठेवावी. इथे लोणी नाही, तवा नाही, ठोकाठोक नाही. शहराच्या मध्यात शंभरी ओलांडलेलं कॅफे तातो आहे, कॅफे भोसले आहे, आणखीही काही आहेत. आत गेलात की टेबल मोकळं मिळण्याची वाट पाहू नये. चौघांच्या टेबलावर तिघे बसलेले असतील तर चौथी खुर्ची तुमचीच. वेटर उभ्याउभ्या विचारतो: पातळ, सुकी, मिक्स, टोमॅट? पातळ भाजी म्हणजे बटाटा-वाटाण्याचा रस्सा. सुकी म्हणजे हळद-मोहरीची बटाट्याची भाजी. मिक्समध्ये खाली सुकी आणि वर पातळ ओततात, आणि अनुभवी माणूस बहुधा मिक्सच मागतो. आळसांद्यांचं तोणाक असेल त्या दिवशी ते आधी संपतं. बशीच्या कडेला मिरचीचं भजं, आणि नंतर गोडसर बन. बन म्हणजे केळं घातलेली फुगीर पुरी. ती कारवार-मंगळुराकडून इथवर आली आणि इथलीच झाली.

बशी लहान, भाजी गरम, पाव ताजा. समोरचा माणूस मराठी वर्तमानपत्र अर्धं दुमडून वाचतो, शेजारचा फोनवर कोकणीत भांडतो. खाऊन उठलात की वेटर न लिहिता, न बघता काउंटरकडे हिशेब ओरडतो, आणि तो बरोबर असतो. दहा मिनिटांत तुमची खुर्ची दुसऱ्याची होते. म्हणूनच अकरा-साडेअकराला पातेलं खरवडलं जातं. दुसरं पातेलं का लावत नाहीत, असा धंद्याचा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. लावलं तर ते खाणार कोण? साडेबाराला शीत-कडीची वेळ होते.

या सगळ्याचा आधार पाव. तो पहाटे सायकलवरून येतो. मागे बांधलेली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक आणि हँडलला रबरी भोंगा. पोदेर, म्हणजे पाववाला, दोनदा येतो, पहाटे आणि दुपारच्या झोपेनंतर चहाच्या सुमाराला. भोंगा ऐकून बाहेर यायला उशीर झाला तर पुढच्या गल्लीत पळा. पाव मऊ, उंडो गोल, कडक सालीचा, मधे चीर पडलेला, कातरो कातरीने कापून पंख फुटल्यासारखा केलेला, कांकण म्हणजे बांगडीएवढं कडक कडं, चहात बुडवल्याशिवाय दात लागू देत नाही. आणि पोयी, कोंड्यावर थापलेली, आतून पोकळ. पोर्तुगिजांना पाव रोज पाहिजे होता. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जेझुइटांच्या आश्रयाने ही विद्या रुजली आणि तिथून गोवाभर पसरली. यीस्ट नव्हतं, म्हणून माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवलं.

पोदेराची भट्टी म्हणजे चिऱ्याचा घुमट, आत लाकडाचा जाळ. जाळ ओढून काढला की तापलेल्या फरशीवर लांब दांड्याच्या फळीने पाव सरकवायचे. पोयी आधी, कारण तिला सगळ्यात जास्त आच लागते. हे काम रात्री सुरू होतं आणि गाव उठायच्या आत संपतं. पोदेराच्या पोराने ते का करावं? तो कॉलेजात गेला, बोटीवर गेला, पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेला. आज पुष्कळ भट्ट्या भाड्याने दिलेल्या आहेत आणि पीठ मळणारे हात कर्नाटकातून आलेले आहेत. पावाच्या किमतीत रुपया वाढवायचा म्हटलं तरी गोव्यात तो राजकीय विषय होतो, त्यामुळे पाव महाग करण्याऐवजी हळूहळू लहान होतो. सूर तर बहुतेक भट्ट्यांतून गेलीच. पाकिटातलं यीस्ट तासाभरात काम करतं.

सूर गेली, कारण रेंदेर गेला. माडावर चढणारा हा माणूस दिवसातून तीनदा चढतो. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय कापून ताजी करायला. पडला तर संपलं. त्या सुरेवर पाव, व्हिनेगर, माडाचा गूळ आणि माडाची फेणी अशी चार दुकानं चालत होती. सोरपोतेल, विंदालू, चोरीस यांची आंबट चव ज्या व्हिनेगरची, तेही आता बऱ्याच घरांत बाटलीतून येतं. माडाची फेणी दक्षिण गोव्यात अजून निघते, पण पणजीच्या बारमध्ये फेणी म्हटलं की समोर येते ती काजूची.

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. इथल्या डोंगरउतारांवर तो असा पसरला की आता तो परका म्हटला तर कुणाला पटायचं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या डोंगरांत बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकू लागतात. फेणीचा पहिला नियम असा, की बोंडू झाडावरून तोडायचा नाही. पिकून आपणहून खाली पडेल तेव्हाच उचलायचा. बायका टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन फिरतात, वाकण्याचे कष्ट वाचतात. बी पिळून वेगळी करायची. ती व्यापाऱ्याकडे जाते, खरे पैसे तिचेच. उरलेले बोंडू कातळात कोरलेल्या किंवा सिमेंटच्या कुंडात टाकून पायांनी तुडवायचे. चोथा एकत्र बांधून वर दगड ठेवला की त्यातून झिरपतो तो निरो: स्वच्छ, गोड, नशा नसलेला. उन्हातून आलेल्या माणसाला भट्टीवर आधी हा पेलाभर मिळतो, आणि माझ्या मते काजूपासून निघणारं सगळ्यात चांगलं पेय तेच आहे. ते टिकत नाही, म्हणून फारसं विकलंही जात नाही.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो. वेगळं काही घालावं लागत नाही, फळाच्या सालीवरचंच यीस्ट काम करतं. मग तो तांब्याच्या भाणात जातो, खाली लाकडं, वर तोंड मातीने लिंपून बंद. वाफ नळीतून पलीकडच्या लावणीत, म्हणजे धार गोळा होणाऱ्या भांड्यात, जाते. पूर्वी लावणीवर सतत गार पाणी ओतत बसावं लागे, आता बहुतेक ठिकाणी नळीचं वेटोळं पाण्याच्या टाकीतून फिरवतात. पहिल्या धारेला निघतो तो हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळला की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. ताकद ग्राव या मापात मोजतात. जुना भट्टीवाला मापकाकडे नंतर बघतो. आधी पेल्यात धार उंचावरून सोडून बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते ते पाहतो.

हुर्राकाला आयुष्य नाही. मार्च ते मे, फार तर पहिल्या पावसापर्यंत, पुढे चव उतरत जाते. म्हणून त्या तीन महिन्यांत पणजीतल्या छोट्या बारांच्या दारावर खडूने ‘हुर्राक आलें’ लिहिलेलं दिसलं की माणसं आत वळतात. पेल्यात हुर्राक, लिमका, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची चावायची नसते, तिचा नुसता वास उतरू द्यायचा. हे सरबतासारखं लागतं आणि तिथेच माणूस फसतो. भर दुपारी हुर्राक पिऊन मिरामारच्या वाळूत उन्हात चालायला निघालेला पर्यटक हा पणजीचा वार्षिक करमणुकीचा कार्यक्रम आहे.

फेणी बारमाही, पण तिचीही स्वतःची एक वेळ आहे, दिवेलागणीनंतरची. साँ तोमेच्या अरुंद गल्लीतला जोसेफ बार तसा: आत मोजून माणसं मावतील एवढी जागा, बाकीचे पेला हातात घेऊन रस्त्यावर. तिथे आता मुंबई-बंगळूरची तरुण मुलं कोकम घातलेली फेणी पितात. त्यांच्याच बाजूला एखादा म्हातारा नुसती फेणी सोड्यात घेऊन अर्धा तास काढतो, उठतो, टोपी घालतो आणि जेवायला घरी जातो. असे बार गोव्यात गल्लोगल्ली होते. तिथे बसून पिणं ही गोष्ट लपवण्याची नव्हती आणि मिरवण्याचीही नव्हती.

फेणीच्या वासाबद्दल ज्यांचं मत वाईट आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वाईट फेणीचा वास वाईटच असतो, आणि कित्येक वर्षं स्वस्त फेणीत काय काय मिसळलं जायचं हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेय ठरवलं, २०२१ मध्ये फेणी धोरण आलं. कागदावर इतकं सगळं झालं. पण इतर राज्यांच्या अबकारी कायद्यांच्या दृष्टीने ती बराच काळ गावठी दारूच राहिली. स्कॉच बहुतेक राज्यांत विकता येते आणि फेणी सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताना गुन्हा ठरू शकते, यातला न्याय समजावून सांगणारा अधिकारी अजून भेटायचा आहे.

महाराष्ट्राचा फेणीशी संबंध बहुतांशी याच नाक्यावरून येतो. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही ती बंदी इथे आली नाही. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस. गोव्यात एकवीस आणि परवाना नाही. करातला फरक वेगळाच. परिणामी बांद्याजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावरून ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा येते, की छापखान्यात तिचा मथळा कायमचा जुळवून ठेवलेला असावा.

या व्यवहाराची दुसरी बाजू फारशी छापून येत नाही. काजूची झाडं सीमा बघत नाहीत. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याच्या डोंगरांत गोव्याइतकाच काजू आहे. तिथला शेतकरी बी विकतो आणि बोंडू बहुतांशी झाडाखाली कुजतो, कारण परवान्याशिवाय त्याची दारू गाळणं हा गुन्हा. काही बोंडू टेम्पोत भरून हद्दीपलीकडच्या भट्ट्यांवर जातात. जाताना ते फळ असतं, परत येताना मुद्देमाल.

गेल्या दहा वर्षांत गोव्याच्या पिण्यात जिन शिरली. ग्रेटर दॅन आणि स्ट्रेंजर अँड सन्स या देशी जिन इथेच तयार होऊ लागल्या. त्याआधी कुंकळ्ळीच्या पॉल जॉन सिंगल माल्टने लंडनपर्यंत नाव नेलंच होतं. माल चांगला आहे, बाटल्या देखण्या आहेत. पण जिनला हंगाम नाही. मसाले पोत्यांतून येतात, मद्यार्क टँकरने येतो, भट्टी बाराही महिने चालते. दुकानदाराला हेच हवं असतं. फेणीवाल्याला बोंडू पडण्याची वाट पाहावी लागते, त्यातून मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला तर मोहर जळतो आणि वर्ष जातं.

रेस्टॉरंटांचंही तसंच. मांडवीत कॅसिनोच्या बोटी आल्या, २००४ पासून चित्रपट महोत्सव इथला झाला, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटीचा कलामेळा भरतो. या गिऱ्हाइकाला रात्री बाराला जेवण लागतं, आणि बांदोडकर मार्गावर ते मिळतं, शुद्ध शाकाहारी आणि जैनसुद्धा. फोंतायन्यास या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांच्या तळमजल्यांवर कॅफे निघाले. त्यांच्या खिडक्यांसमोर फोटो काढणाऱ्यांनी रहिवाशांचं दार उघडणं मुश्कील केलं, तेव्हा लोकांनी दारावर विनंतीच्या पाट्या लावल्या. मधल्या काळात स्मार्ट सिटीच्या नावाने शहर असं खणून ठेवलं होतं, की कितीतरी खाणावळींचं दुपारचं गिऱ्हाईक धुळीला कंटाळून तुटलं. नव्या स्वयंपाकघरांत शागोती शिजवणारा बहुधा नेपाळचा किंवा ओडिशाचा असतो, आणि कित्येकदा तो ती उत्तम शिजवतो. आक्षेप त्याच्यावर नाही. त्याच्या मालकाला खोबरं, खसखस, दगडफूल, जायपत्री रोज भाजून वाटायला वेळ नाही, म्हणून मसाला महिन्याचा एकदम करून फ्रिजमध्ये ठेवला जातो आणि बारा महिने एकच चव लागते. फोंतायन्यासमध्येच कोनफैतारिया ३१ द जानैरोसारखी जुनी बेकरी आहे. उद्यानापाशी नावातच १९२२ साल मिरवणारं मिस्टर बेकर आहे. तिथे मात्र अजून संध्याकाळी उशिरा गेलात तर रिकामा ट्रे दिसतो.

बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि विमानतळावर तिचे डबे वाढले. अंड्यातला पिवळा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप, थोडा मैदा. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्याची आच देऊन भाजायचा, मगच दुसरा. पुरते सात थर करायला अर्धा दिवस जातो. डब्यातल्या बेबिंकेला किती वेळ दिला, ते सुरी घालताच कळतं. थर सुटे होत नाहीत, खरवसासारखा एकच गोळा हाती येतो. त्याच वर्षी मानांकन मिळालेल्या मानकुराद आंब्याचं असं करता येत नाही. तो एप्रिलमध्ये येतो, पहिल्या डझनाला पणजीच्या बाजारात हजारोंचा भाव सांगतात, आणि हापूस खाऊन वाढलेला रत्नागिरीकरसुद्धा तो चाखल्यावर थोडा वेळ बोलत नाही. पावसाला सुरुवात झाली की मानकुराद संपला.

संध्याकाळी सहा-साडेसहाला गाडे लागतात. पत्र्याचा डबा, गॅस, एक तवा, एक मोठं पातेलं. पातेल्यात शागोतीचा रोस, म्हणजे मसाल्याचा दाट रस्सा. कोंबडीचे तुकडे त्यात असतातच असं नाही. तव्यावर दोन अंड्यांचं ऑम्लेट, ते बशीत, वर पळीभर रोस, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड, बाजूला संध्याकाळच्या फेरीतले पाव. उभ्याने खायचं. बारमधून निघालेला, बँकेतून सुटलेला, क्लासहून आलेली पोरं, सगळे एकाच फळीवर कोपरं टेकतात. चोरीस-पाव विकणारा गाडा शेजारी असतो. त्याच्या वासाने शाकाहारी माणूसही एकदा मान वळवतो. रोस संपला की गाडेवाला नुसतं ऑम्लेट द्यायला तयार असतो, पण गिऱ्हाईकच नको म्हणतं.

सणांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ८ डिसेंबरला पणजीच्या मोठ्या चर्चचं फेस्त भरतं, पुढे मळ्यातल्या मारुतीची जत्रा. दोन्हीकडे खाज्याचे ढीग लागतात: बेसनाच्या जाड शेवा, वर गुळाचा आणि आल्याचा पाक. फेस्ताचं खाजं घरी नेणारे आणि जत्रेचं नेणारे बरेचदा तेच लोक असतात.

आणि दिवाळी. पणजीत नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री कुणी झोपत नाही. चौकाचौकांत कागदाचे नरकासुर उभे असतात, ध्वनिक्षेपकांनी खिडक्या थरथरतात, पहाटे नरकासुरांना आग लावतात. त्यानंतर अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, आणि मग फोव. आपल्याकडे फराळाच्या ताटात चकली-लाडू मिरवतात, इथे पोह्यांचाच मान. दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, गुळातले गोड, फोडणीचे तिखट, बटाट्याचे, प्रत्येक घरात निदान चार-पाच तऱ्हा. सोबत आंबाड्यांचं करम आणि वाटाण्याचं तोणाक. सकाळी सातपासून माणसं एकमेकांकडे जातात. एका घरी दुधातले, दुसऱ्या घरी रोसातले, तिसऱ्या घरी ‘थोडे तरी’ म्हणून वाढलेले तिखट. दहापर्यंत सगळं आटोपतं, कारण रात्रभर जागलेल्यांना झोपायचं असतं. हे फोव कुठल्याच कॅफेत मिळत नाहीत. पणजीत दिवाळी घालवायची तर आधी एखाद्या घराशी ओळख काढून ठेवावी, आणि साडेसातच्या आत दारात उभं राहावं.